चिन्हाआधी देश

माझ्या आत्याला ऑफिसात सगळे पाठीमागे ‘कुठला’ म्हणत. कुणी डॉलर म्हटलं की ती चष्म्यावरून बघत विचारायची, “कुठला?” काचेचे दिवे परदेशी पाठवणाऱ्या त्या कारखान्यात बिलं तीच करायची. डॉलरचं चिन्ह कितीतरी देशांचं एकच, किंमत मात्र ज्याची त्याची वेगळी. म्हणून चिन्हाआधी देशाची अक्षरं घातल्याशिवाय तिच्या टेबलावरून कागद हलत नसे. नव्या माणसांना तर ती यावरून चांगलंच धारेवर धरायची.

आतोबा गेले आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा कामावर रुजू झाली. रडली नाही. विचारलं की “बरी आहे” म्हणायची, आणि आम्ही तेवढ्यावर समाधान मानायचो. आम्ही सगळे मोठे शहाणे.

त्यानंतरच्या पहिल्याच मोठ्या बिलावर नुसतं चिन्ह गेलं. भाव महागड्या डॉलरचा होता. गिऱ्हाइकाने आपल्या देशातल्या स्वस्त डॉलरांत पैसे भरले. मालकांनी विचारणा केली. उत्तर आलं, कागदावर होतं तेच भरलं.

“आपण भांडू,” मालक म्हणाले. “तुम्ही फक्त लिहून द्या, कुठला डॉलर ते फोनवर ठरलं होतं म्हणून.”

“ठरलं नव्हतं. त्याचं बरोबर आहे.”

“मग हे टेबल तुमच्याकडे ठेवता येणार नाही, बाई.”

“बरं,” आत्या म्हणाली आणि ड्रॉवर रिकामा करू लागली. तिला खोकी बांधायच्या खात्यात टाकलं.

हे कळल्यावर माझं डोकं फिरलं. उभा जन्म तिने त्या टेबलापाशी काढला होता. संध्याकाळी तणतणत तिच्याकडे गेले. दाराशी आतोबांच्या चपला होत्या तशाच होत्या.

“आत्या, तू कशी विसरलीस गं?”

“विसरले नाही. चिन्ह दिसलं, वाटलं झालं सगळं.” तिने दाराकडे पाहिलं. “रोज घरी येते, या चपला दिसतात. वाटतं, आहेत घरात. आत आलं की कळतं.”

“टेबल गेल्याचं वाईट नाही वाटत?”

“हल्ली कशाचंच काही वाटत नाही बघ.”

मी चपला उचलायला वाकले.

“राहू दे,” ती म्हणाली. “त्या दिसतात म्हणून दार उघडावंसं तरी वाटतं.”