हजर माणशी दोन घागरी

चार दिवसांचं मूल माणूस धरायचं की नाही? हसू नका, नीट विचार करून सांगा. बीडमधल्या आमच्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीनं या प्रश्नावर रीतसर मतदान घेतलं आहे आणि मूल काठावरच्या बहुमतानं माणूस ठरलं आहे. ठराव मी मांडला होता. मूल माझ्या ताईचं होतं.

दुष्काळाचं साल होतं. सोसायटीची बोअर खोकून खोकून गप्प झाली होती आणि दर आठ दिवसांनी टँकर यायचा. वाटप चेअरमन जोगदंड अण्णांकडे. अण्णा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, त्यामुळे रांगेत कुणी रेंगाळलं की "पुढं सरका, पुढं लई जागा हाय!" असं आपोआप ओरडायचे. त्यांचा नियम सोपा होता : घरटी एक टिपाड, म्हणजे एक पिंप. पण मधूनच एखाद्या घराची बारी आली की ते ड्रायव्हरला दोन बोटं दाखवायचे आणि त्या घराला दोन घागरी जादा मिळायच्या. कावून? ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

आणि जे लिहिलेलं नाही ते मला सहन होत नाही! आमचे बाबा चळवळीतले. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं दोन आणि पत्रकं ट्रंकभर. इतर मुलं 'कमळ बघ' म्हणत वाचायला शिकली, मी 'जाहीर सभा! जाहीर सभा!' म्हणत शिकले. (कॉलेजात जाईपर्यंत मी आईकडे चहासुद्धा 'आमच्या प्रमुख मागण्या' या मथळ्याखाली मागत असे. मिळत नसे.)

तर मी पत्रक काढलं. 'पाणी माणसांना की भिंतींना?' पाठक सरांच्या घरी माणसं दोन, शिंदेकाकूंच्या घरी नऊ, आणि दोघांना एकच टिपाड! हा कुठला न्याय? शिवाय अध्यक्षमहाशय तोंड बघून ज्या जादा घागरी देतात त्या कुणाच्या बापाच्या? (हे वाक्य बाबांनी खोडलं. मी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पुन्हा लिहिलं.) घरोघर वाटून उरलेली एक प्रत मी खुद्द अण्णांच्या दारावर चिकटवली. खळ आईच्या गव्हाच्या पिठाची केली होती.

त्याच दिवशी टँकर गेल्यावर लिंबाखाली सभा भरली.

"मंदाबाई," अण्णा शांतपणे म्हणाले, "तुमचं म्हणणं काय हाय, ते एका वाक्यात सांगा."

"घरटी नको, माणशी द्या! माणशी दोन घागरी!"

"बरं. आन् लेकरं? पाच वर्षांखालचं फुकट, बारापर्यंत हाफ तिकीट, असं धरू."

"माणूस अर्धा नसतो, अण्णा!" मी उभीच राहिले. "जन्माला आला तो पूर्ण माणूस! आमच्या ताईचं बाळ आज चार दिवसांचं आहे. तो माणूस नाही का?"

"अगं, त्यो पितो किती?" मागून कुणीतरी विचारलं.

"प्रश्न पिण्याचा नाही, तत्त्वाचा आहे!"

टाळ्या पडल्या. (शिंदेकाकूंच्या घरचेच नऊ जण होते, पण टाळ्या त्या टाळ्याच.) तेवढ्यात पाठक सर उठले. "माझे दोन मुलगे पुण्यात असतात. मग त्यांच्याही घागरी धरा."

ही लबाडी मी जागच्या जागी हाणून पाडली. ठरावात एक शब्द घातला : 'हजर'. हजर माणशी दोन घागरी. जो रांगेत स्वतः उभा, त्यालाच पाणी. वशिला नाही, चिठ्ठी नाही, निरोप नाही! हात वर झाले, मोजले आणि ठराव काठावर पास झाला. पुढच्या टँकरला नोंदवही धरायचा मान मला मिळाला. अण्णा फक्त एवढंच म्हणाले, "लिहिलंय ना? झालं तर मग."

आठ दिवसांनी टँकर यायचा होता आणि त्याच दिवशी बाळाचं बारसं होतं. बाबा सकाळीच ताईच्या सासरच्यांना आणायला गेवराईला गेलेले. आई स्वयंपाकाला जुंपलेली. ताई बाळंतिणीच्या खोलीत. मी वही, पेन आणि तत्त्वं घेऊन फाटकापाशी.

आधी नेकनूरची बस आली. म्हणजे बस स्टँडवर आली असणार, पण तिच्यातली माणसं सरळ आमच्याकडे आली. शिंदेकाकूंची बहीण, बहिणीची नणंद, नणंदेच्या दोन सुना, कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी.

"काकू, हे कोण?"

"माणसं हायत गं!" काकू अभिमानानं म्हणाल्या. "पूर्ण!"

मग दोन रिक्षा. मग एक म्हातारे आजोबा खुर्चीसकट उचलून आणून रांगेत ठेवले. आणि मग कोपऱ्यावरून पाठक सर आले. त्यांच्या मागं दोन-दोनच्या रांगेत, दप्तर पाठीवर अडकवून, त्यांच्या कोचिंग क्लासची दहावीची अख्खी बॅच!

"सर, ही तुमच्या घरातली माणसं नाहीत!"

"नियमात 'घरातली' असं आहे?" सरांनी चष्मा पुसला. "आपण 'हजर' लिहिलंय. मी यांची हजेरी आत्ताच घेतली."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा लिंबाकडे पाहत होते.

टँकरचा ड्रायव्हर आला आणि खाली उतरेचना. "जत्रा हाय का बे? मी उद्या येतो."

"न्हाई न्हाई, न्याय हाय!" अण्णा म्हणाले. "नळी सोड."

पाणी सुरू झालं. मी टिक करत राहिले. पाठक सरांचं टिपाड भरलं, बादल्या भरल्या, मोरी भरली, शेवटी बॅचनं आपल्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा भरून घेतल्या. आमचं घर मी मुद्दाम सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं, कारण नियम करणाऱ्यानं शेवटी उभं राहावं असं मी पत्रकात जाड अक्षरात लिहिलं होतं.

एवढ्यात बाबा पाहुण्यांना घेऊन पोचले. ताईच्या सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या, हातात बाळाचं अंगडं-टोपडं. त्या फाटकात आल्या आणि अण्णांच्या अंगातला कंडक्टर जागा झाला. "पाव्हणे, हजर माणशी दोन हाय. चला, मागं उभं ऱ्हावा. रेटारेटी नगं!" सासूबाईंना वाटलं, बारशाला आलेल्यांची रांग आहे. त्या बिचाऱ्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. शेजारणीला म्हणाल्या, "लई मोठं बारसं काढलंय की यांनी!"

तेवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली. "मंदे, टिपाडाचा तळ दिसतोय. बाळाचं न्हाणं व्हायचं हाय, ताईचं डोकं धुवायचं हाय. बारसं काय पारोशा लेकराचं करू? दोन घागरी दे आधी."

"आई, रांग आहे."

"अगं, त्यो पूर्ण माणूस हाय ना? तूच बोलली न्हाईस का सभेत?"

आणि मी बोलले. देवाशपथ, हे शब्द माझ्याच तोंडून गेले. "माणूस आहे, पण हजर नाही!"

आईनं माझ्याकडे पाहिलं. आत गेली आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन भर उन्हात बाहेर आली. मागं दाराआडून ताई ओरडत होती, "अगं आई, ऊन लागंल त्याला! कावून नेतेस?"

"घे," आई म्हणाली. "हजर हाय. मार टिक!"

बाळानं डोळे किलकिले केले, सूर्य पाहिला आणि असा काही टाहो फोडला की खुर्चीतले आजोबा जागे झाले.

"आवाज दिला," अण्णा म्हणाले. "हजर धरा."

मी टिक मारली. त्याच क्षणी नळीनं एक मोठा सुस्कारा टाकला, दोन थेंब गाळले आणि थांबली. टँकर संपला. ड्रायव्हरनं झाकण आपटलं.

रांगेच्या टोकाला रिकामे हात घेऊन सासूबाई उभ्या होत्या. आता सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला होता. "ही पोरगी कोण हाय?" मला चांगलं ओळखत असूनही त्यांनी विचारलं.

"मुलाची मावशी," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले.

माझ्या हातात वही होती. वहीत सगळं बरोबर होतं. एकही चूक नव्हती आणि बाळाच्या न्हाण्याला पाणी नव्हतं.

मग शिंदेकाकूंच्या बहिणीची ती नेकनूरची नणंद पुढं आली. माझी-तिची ओळख नाही. तिनं आपली भरलेली घागर कमरेवरून उतरवली आणि आमच्या टिपाडात ओतली. "बाळंतिणीच्या पाण्याला कसला नंबर गं बाई?" एवढंच म्हणाली. तिच्यामागं तिच्या सुना. मग काकू. मग पाठक सरांनी घसा साफ केला आणि बॅच ओळीनं बाटल्या रिकाम्या करायला लागली. आमचं टिपाड काठोकाठ भरलं. आई बाळाला घेऊन आत पळाली.

अण्णा माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता माझी जाहीर सभा भरते. पण ते हळूच म्हणाले, "मंदाबाई, मी तोंड बघून पाणी देतो असं तुमी लिहिलं. खरंय ते. कुणाच्या घरी आजारी, कुणाच्या घरी बाळंतीण, ते तोंडावरच दिसतं. वहीत कसं दिसंल?"

मी वही मिटली. (वाद न घालता, आयुष्यात पहिल्यांदा. बाबांनी नंतर तारीख लिहून ठेवली.)

बारसं झालं. नाव छान ठेवलंय, पण घरात कुणी ते घेत नाही. सगळे त्याला 'हजरराव' म्हणतात आणि सासूबाई तर मला उद्देशून मोठ्यानं म्हणतात.

माझा राग मात्र गेलेला नाही, हे स्पष्ट सांगते. पाण्याचं वाटप कुणा एकाच्या दोन बोटांवर चालावं हे मला आजही पटत नाही. नियम हवेतच, लिहिलेलेच हवेत. म्हणून तुम्हाला विनंती : तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत ठरावाला हात वर करण्याआधी एकदा मागं वळून बघा, कोण आलेलं नाही ते. खाटेवर कोण आहे, बाळंतिणीच्या खोलीत कोण आहे. त्यांच्या दारात जा, विचारा आणि मग हात वर करा. एवढं कराच.

फक्त विचारायला मला पाठवू नका. मी आधी रांग लावीन!