तिसरीच्या खोलीतली भेग

आमच्या शाळेत भूकंपाचे धक्के मोजकेच, त्यांचे किस्से मात्र ढीगभर. आता तर सांगायचाही कंटाळा आलाय. पण पाहुणा आला की कुणीतरी विषय काढतंच आणि सांगावं लागतं मला, कारण भेग माझ्या वर्गात.

शाळा झरी गावाच्या पुढं, चार खोल्यांची. पहिल्या धक्क्याला माझ्या तिसरीच्या भिंतीत बारीक भेग पडली. जिथं संपली तिथं मी पेन्सिलीनं खूण केली. पुढच्या धक्क्याला भेग खुणेच्या पुढं सरकली, मी दुसरी खूण केली. प्रत्येक खुणेमागं हेडमास्तरांचा दुरुस्तीचा एक अर्ज वर गेला. खुणा पाच झाल्या, अर्जही पाच. त्या भिंतीखाली एकोणीस लेकरं बसतात. माझं निम्मं लक्ष फळ्यावर, निम्मं भिंतीवर.

*

या धक्क्यांच्या काळातच हेडमास्तरांनी फर्मान काढलं, भूकंपाचा इशारा देणारं अ‍ॅप पाहिजे. पण आमच्याकडे रेंज येते फक्त पाण्याच्या टाकीवर! म्हणून त्यांनी स्वतःचा मोबाइल पिशवीत घालून टाकीच्या शिडीला वरती बांधला. पुढच्या धक्क्याला खिडक्या वाजल्या, लेकरं मैदानात आली, रांगा झाल्या, हजेरी झाली आणि मग टाकीवर मोबाइलचा भोंगा वाजला.

"उशिरा का होईना, वाजला तर," हेडमास्तर म्हणाले.

*

दुसऱ्यांदा टाकीवरचा मोबाइल ऐन परीक्षेत वाजला. पेपर टाकून सगळे बाहेर. धक्का काही येईना. हेडमास्तर शिडी चढले. त्यांच्या मिसेसचा फोन होता, येताना मेथी आणा म्हणून.

*

खिचडी शिजवणाऱ्या कमलबाईंकडं मोबाइलच नाही. पातेल्यावरचं झाकण थरथरलं की त्या पळी आपटतात, लेकरं बाहेर. दोन वेळा त्यांच्यामुळंच वेळेत निघालो. खिचडी उकळली की धक्का आला, हे कसं ओळखता, मी विचारलं.

"शिजताना झाकण एका अंगानं उडतंय, मॅडम. धक्क्याला चारी अंगानं वाजतंय."

*

पाचव्या अर्जानंतर निरोप आला, इंजिनिअर साहेब खोली बघायला येणार. साहेब येणार म्हटलं की आमच्या गावात आधी शाळा रंगवतात. मी दोन दिवस रजेवर होते. परत आले तर भेग बुजवलेली, वर पांढराशुभ्र चुना, खुणांसकट सगळं गायब. गावकऱ्यांनी प्रेमानंच केलं होतं. कुणाला काय बोलणार!

*

साहेब आले. भिंत तळहातानं थोपटली. इथं भेग होती, मी बोटानं दाखवलं. त्यांना चुना दिसला. उगीच घाबरता म्हणाले. माझ्याच टेबलावर बसून त्यांनी कागदावर लिहिलं, 'खोली बसण्यास योग्य.' सही तेवढी राहिली होती.

तेवढ्यात बाहेर पळी आपटली.

लेकरं सवयीनं निघाली. साहेब त्यांच्याही पुढं होते, खांद्याला बॅग, पायात एकच चप्पल. फरशी जराशी हलली आणि थांबली. आम्ही हजेरी घेतली, एकोणीस भरली. मग टाकीवरचा भोंगा वाजला.

कागद आत टेबलावरच राहिला होता. साहेबांनी कमलबाईंना सांगितलं, तेवढा कागद आणून द्या.

कमलबाईंनी पळी पदराला पुसली.

"खोली चांगली हाय म्हणलात की, साहेब. तुमीच आणा."

साहेबांनी एकदा दाराकडं बघितलं. मग त्यांनी बॅग उघडली आणि नवा कोरा कागद काढला.