गाळलेला तुकडा

बाबांना आणि काकांना एकच रोग निघाला, प्रोस्टेटचा कॅन्सर. दोघांना गोळीही एकच. जानेफळचे काका पुन्हा शेतात जाऊ लागले आणि इथे खामगावात माझे बाबा खाटेवरून उठेनात.

काका आले आणि आपल्या गोळ्यांचं पाकीट बाबांपुढे ठेवलं. "दादा, माह्या गोळ्या तू खाय, तुह्या मी खातो. तुह्या पाकिटातच खोट आहे." कंपनी तीच, नाव तेच, मी बोंबललो. ऐकतो कोण? दोघा भावांनी गोळ्या बदलल्या. खरं सांगतो, बोंबलताना माझाही जीव त्या पाकिटात अडकला होता.

पुढच्या तपासणीत काका ठणठणीत. बाबांच्या रक्तातला कॅन्सरचा आकडा आणखी चढला.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "जीन म्हणजे तुमचं अख्खं शूटिंग समजा. पेशी त्याची नक्कल काढते, तुकडे कापते, जोडते, आणि त्यावरून प्रथिन बनवते. यांच्या गाठीतल्या काही पेशी जोडताना गोळी जिथे बसते तोच तुकडा गाळताहेत. गोळी पोचते, पण बसायला तिला जागाच नाही. औषध लागू न पडण्यामागे बहुतेक हेच असावं."

मला लगेच कळलं. कळायला नको होतं. एकाच शूटिंगमधून मी नवरीकडच्यांना एक फिल्म देतो आणि नवरदेवाकडच्यांना दुसरी. त्यांना पाठवणीची रडारड नको असते, मी ती काढून टाकतो.

"पण मूळ जीनमध्ये तो तुकडा आहे ना?"

"आहे. तो जोडायला लावणारं औषध मात्र आज माझ्याकडे नाही."

त्या भल्या माणसाची कॉलर धरावीशी वाटली मला. आहे म्हणता आणि मिळत नाही म्हणता!

बाबा शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी एका नवरीच्या बापाचा फोन आला. चुकून त्यांना नवरदेवाकडची फिल्म गेली होती, पोरीची पाठवणीच नव्हती तिच्यात. मी कॉम्प्युटर लावला, मूळ शूटिंगमधून तो तुकडा काढला आणि जागेवर बसवला. पडद्यावर पोरगी बापाच्या गळ्यात पडून रडू लागली. बाबा खाटेवरून पाहत होते.

"बसला का?"

"बसला, बाबा."

"मंग माहा बी बसव ना बे," ते म्हणाले, आणि माझ्यापुढे, पोटच्या पोरापुढे, त्यांनी हात जोडले.