वरची कोथिंबीर

दुकानात माझ्यापुढच्या मुलीनं कोथिंबिरीची जुडी उचलली, नाकाशी धरली, मग किंमत वाचून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत जुडी परत ठेवली. मुलगी आपल्याकडचीच असणार. या परक्या देशात शिकायला आलेले आम्ही सगळेच किंमत वाचली की मनातल्या मनात तिचे रुपये करतो.

गावच्या बाजारात भाजीचे पैसे देऊन झाले की आई म्हणायची, "भाऊ, वर थोडी कोथिंबीर टाका की." भाऊ कुरकुरत टाकायचेच. आपण आपल्या गावात आहोत हे त्या फुकटच्या चार काड्यांवरून कळायचं, हे मला इथे येऊन समजलं. इथे आई पाठवते त्या पैशांत फी, खोलीभाडं, बसचा पास, तांदूळ कसंबसं बसतं. 'वर' म्हणून काहीच नसतं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आईनं माझी बशी पाहिली. "पोह्यांवर कोथिंबीर नाही गं?"

"विसरले," मी म्हटलं. "तू काय जेवतेयस? दाखव ना ताट."

"रोजचंच गं," म्हणत तिनं फोन हळूच वर धरला. मग मला फक्त तिचं हसू दिसत राहिलं.