पाचातला एक मार्क

धाकटीसारखं शिकवणारी बाई त्या शाळेत दुसरी नव्हती. तिच्या थोरल्या भावाला विचारा. सातवीतून शाळा सोडून कुलपं दुरुस्त करणारा माणूस, पण बहिणीचा विषय निघाला की कानस खाली ठेवून बोलायचा.

परीक्षेच्या आदल्या दुपारी ती त्याच्या दुकानात आली. दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गाची वाचनाची परीक्षा होती: उतारा वाचायचा, खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. तिसातली वीस पोरं पास झाली नाहीत तर नोकरीवर पाणी, असं मुख्याध्यापकांनी तोंडावर सांगितलं होतं.

"दादा, हा सोडव. माणूस कुठे अडतो ते बघायचंय."

"कुलपावरचा उतारा? मी अडेन होय?"

त्याने धडाधड पाच उत्तरं ठोकली. एकच बरोबर निघालं.

"कुलूप जड चाललं तर काय घालावं? तू लिहिलंस, पेन्सिलीच्या शिशाची पूड. उताऱ्यात तेल आहे."

"तेलाने धूळ बसते. लिहिणाऱ्याने जन्मात कुलूप खोललंय का?"

"नसेल. पण विचारलंय त्याने काय लिहिलं ते."

बोलता बोलता तिने त्याचा कागद परत पुढे ओढला. "पोरंही हेच करतात. मीच शिकवलंय. भीती जावी म्हणून आधी विचारते, याबद्दल तुम्हाला काय ठाऊक आहे? मग तेच लिहून मोकळी होतात." मग म्हणाली, "हा कागद वर्गात दाखवू?"

त्याचे कान तापले. बाजारात ज्याच्या शब्दाला मान, त्याच्या कागदावर चार लाल फुल्या. पण तिची नोकरी पणाला लागली होती.

"ने. वर दुकानाचं नाव घाल. गिऱ्हाईक तरी येईल."

सकाळी परीक्षेआधी तो कागद बघून वर्ग पोट धरून हसला. "याला सगळं येतं," धाकटी म्हणाली, "मग चुकला का?" मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "बाई, यांनी उतारा वाचलाच नाही." मग धाकटीने एकच गोष्ट सांगितली: उत्तर लिहिण्याआधी उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवायचं. बोटाला जागा सापडली नाही तर ते उत्तर आपल्या घरचं.

त्या दिवशी थोरल्याने दोन चाव्या घासून वाया घालवल्या. निकाल लागेपर्यंतचे चार दिवस तो शाळेच्या रस्त्याने गेलाच नाही.

एकवीस पास झाली.

आता गिऱ्हाईक कुलूप घेऊन आलं की तो आधी दुकानाच्या भिंतीवर लावलेला तो चार फुल्यांचा कागद दाखवतो. म्हणतो, "शाळेची एकवीस पोरं माझ्या एका मार्कावर पास झालीत."