पस्तिशीचा म्हातारा

आमच्या बाबांनी आपली निवृत्ती एका परदेशी टेनिसपटूच्या गुडघ्याला बांधली होती. त्या बिचाऱ्याला याचा पत्ता नव्हता, नाहीतर आमची दया येऊन तो दोन वर्षं आधीच घरी बसला असता.

बाबांना टेनिसमधलं ओ की ठो कळत नसे. भिवंडीत घराला लागून आमची बारा यंत्रमागांची शेड होती आणि तिथे मालकही बाबा, मिस्त्रीही बाबाच. चाळीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते. मागावर हात ठेवला की कुठला भाग ढिला झालाय ते अचूक सांगत, पण जेवायला मारलेली हाक त्यांना ऐकू येत नसे. शुक्रवारी शेड बंद, तेव्हा ते टीव्हीसमोर बसत. बातम्यांतली माणसं नुसती तोंडं हलवतात म्हणून चिडत. टेनिस मात्र त्यांना आवडलं. चेंडू मागातल्या धोट्यासारखा इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्यात ऐकायचं काय होतं?

त्यांनी आपला एक खेळाडू निवडला. पस्तिशीचा, गुडघ्याला पट्टी बांधलेला. समालोचक त्याच्याविषयी असे बोलायचे, जणू त्याला दवाखान्यातून उचलून आणलंय. पस्तिशीत म्हातारा! आमच्याकडे पस्तिशीत माणूस अजून 'पोरगा' असतो. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि शेडच्या चाव्यांना हात लावायची मला परवानगी नव्हती.

त्याच सुमारास गोडाउनचं वारं सुटलं. आसपासचं कुठलंही गाव, राहनाळ घ्या, दापोडे घ्या, जिकडे बघावं तिकडे पत्र्याची छपरं. आम्हा दोघा भावांनाही एक पार्टी भेटली. माग भंगारात काढा, शेड रिकामी द्या, महिन्याला भाडं घ्या आणि खुर्चीत बसा. खुर्चीत बसण्याच्या आमच्या लायकीबद्दल कुणालाच शंका नव्हती. अडचण फक्त बाबांची होती. त्यामुळे आम्हाला अचानक त्यांच्या तब्येतीची काळजी वाटू लागली.

एका शुक्रवारी जेवताना मोठा भाऊ त्यांच्या कानाशी ओरडला, "बाबा, तू आता बस. वय झाला तुजा."

बाबांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. "त्यो थांबला का मी पन थांबन. त्याच्याआधी न्हाय."

ताटावर बसून दिलेला शब्द आमच्या घरात मोडत नाहीत. आम्ही मनातल्या मनात पेढे वाटले. गुडघ्याला पट्टी बांधलेला माणूस, टिकून टिकून टिकणार किती?

त्या दिवसापासून आम्ही दोघे टेनिसचे भक्त झालो, म्हणजे त्याच्या समोर जो कुणी उभा राहील त्याचे. विशीतली पोरं त्याला पळवायची आणि आम्ही टाळ्या पिटायचो. लोक स्वतःचे गुडघे बरे व्हावेत म्हणून अकलोलीच्या गरम कुंडात बसतात. मी तिथे गळ्यापर्यंत बसून परक्याचा गुडघा जावा म्हणून हात जोडले.

तो हरायचाही. कधी कधी तर पहिल्याच फेरीत. आम्ही धावत जाऊन सांगायचो, "बाबा, गेला तुजा!"

"हरला. थांबला न्हाय. माग दिवसातनं धा वेला बंद परतो, म्हनून भंगारात टाकाचा काय?"

आणि महिनाभरात तो गडी दुसऱ्याच कुठल्या देशात पट्टी आवळत हजर. एवढा पैसा असून याला घरी करमत नाही का, असं मला तळमळून वाटायचं. दोन वर्षं त्याने आमचं रक्त आटवलं.

मग एका शुक्रवारी दुपारी तो हरला आणि खुर्चीत बसून त्याने गुडघ्याची पट्टी सोडली. माइक हातात घेऊन हा आपला शेवटचा सामना असल्याचं सांगितलं. गॅलरीतली सगळी माणसं उठून उभी राहिली.

"झाला वाटतं," बाबा म्हणाले. "मानसां घरी चालली."

टाळ्या त्यांना कुठून ऐकू येणार? मी कानाशी ओरडलो, "घरी न्हाय बाबा, त्याच्यासाठी उभी रायलीत. आजपासून त्यो थांबला." माझ्या आवाजातला आनंद मला लपवता आला नाही. ऐकू येत नसलं तरी बाबांना चेहरा वाचता येत होता.

"हरला तरी उभी रायली?"

"हां."

तो माणूस चारी बाजूंना वळून हात वर करत होता. बाबा शेवटपर्यंत बघत राहिले. मला लाज वाटली, पण पार्टीला फोन करण्याच्या आड येईल इतकी नाही.

पुढच्या आठवड्यात मागांवरचं शेवटचं सूत संपलं. बाबांनी एकेक माग स्वतः बंद केला. बाराव्यावर थोडा वेळ हात ठेवला आणि मग तोही थांबवला. मागे वळले, तर दारात आम्ही दोघे भाऊ उभे.

ते थबकले. आम्हाला नीट बघून घेतलं. मग फडक्याला हात पुसले, सावकाश एक हात वर केला आणि मान हलवून हसले, त्या टेनिसवाल्यासारखे. मीही हात वर करायला गेलो, पण त्या हातात मोजायच्या टेपचं एक टोक होतं. दुसरं भावाने धरलं होतं. पार्टीला शेडची लांबी कळवायची होती.