कार्डमारीचा सांडवा

अर्जुनी मोरगावात बसस्टँडकडून बाजाराकडे वळलात की उजव्या हाताला झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून एक गाळा आहे. पाटी 'पुस्तोडे कॉम्प्युटर' अशी आहे, पण पाटी वाचून तिथे कोणी जात नाही. लोक विचारतात, कार्डमारीचं दुकान कुठे आहे? आता हे नाव सगळे कौतुकाने घेतात, पण तीन वर्षांपूर्वी याच नावाने रेणू पुस्तोडेच्या डोळ्यांतून पाणी काढलं होतं. कसं, ते सांगतो. ऐकायचं तर निवांत ऐका, कारण सगळा घोळ घाईनेच झाला होता.

रेणू कोहळी जातीची पोर. या भागातले निम्मे तलाव तिच्याच जातभाईंच्या पूर्वजांनी बांधलेत, आणि त्याचा अभिमान त्यांच्यातल्या कोणालाही विचारून बघा, तासभर सुटका नाही. तिचे वडील उमराव हे तीस वर्षं गावाचे पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कधी सोडायचं, किती सोडायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. उमरावांकडे साऱ्या जगासाठी एकच वाक्य होतं: "आदी सांडवा, मंग पार." पार म्हणजे तलावाची पाळ. पाळ उभी करण्याआधी जादाचं पाणी निघून जायला वाट कोरून ठेवायची, नाहीतर पहिल्याच मोठ्या पुरात पाळ वाहून जाते, एवढाच त्याचा अर्थ. पण म्हातारा हे वाक्य लग्नाच्या बोलणीतही वापरायचा आणि पोरांच्या शाळाप्रवेशातही. घरातल्यांचे कान किटले होते. सगळ्यात जास्त किटले होते रेणूचे.

नागपूरला हार्डवेअरचा कोर्स करून ती परत आली आणि गाळा घेतला. प्रिंटर, फॉरमॅट, पोरांचे ऑनलाइन फॉर्म, पोटापुरतं चालायचं. जीव मात्र ग्राफिक्स कार्डात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे चित्र हलतं ते काढणारा भाग म्हणजे हे कार्ड. त्याच्या पोटात एक आठ पायांची इवलीशी चिप असते. कार्डाने किती वेगाने पळायचं, किती वीज प्यायची, हे सगळं त्या चिपमधल्या फाईलीत लिहिलेलं असतं. ती फाईल म्हणजे बायोस. जुन्या कार्डांची ही फाईल बदलता येते. बदलली की कंपनीने ठरवलं त्याहून जास्त काम कार्ड देतं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आणि फाईल बदलण्याला पोरं म्हणतात फ्लॅश मारणं. नीट मारला तर म्हातारा बैल तरण्यासारखा चालतो. चुकला तर पडदा काळा, आणि कार्ड म्हणजे नुसता पत्रा.

हिमांशु लग्नाचे व्हिडिओ करणारा, शाळेत रेणूहून एक वर्ग पुढे होता. माणूस सरळ, पण जिभेला हाड नाही. त्याचं कार्ड जोर देईना म्हणून त्याने ते रेणूकडे आणलं. कार्डाच्या पाठीवर त्याने पांढऱ्या रंगाने 'हिमांशु स्टुडिओ' असं स्वतः रंगवलं होतं, त्यातला 'शु' जरा तिरपा. रेणूला तर असं कार्ड कधी हाती येतं असं झालेलं. तिने इंटरनेटवरून फाईल उतरवली आणि लगेच फ्लॅश मारायला घेतला. चिपमधली जुनी फाईल आधी काढून ठेवायची असते, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण पाच मिनिटं कोण घालवतो!

सकाळचे दहा वाजत आले होते. मार्च महिना, शेतात उन्हाळी धान. पडद्यावरची पट्टी साठ टक्क्यांवर आली आणि दहाला शेतीपंपांची थ्री फेज वीज आली. थ्री फेज आली की तालुक्यातल्या साऱ्या मोटरी एकदम सुरू होतात. गावाचं फिडर, म्हणजे वीज आणणारी लाइन, वेगळं असलं तरी सबस्टेशन एकच. दुकानातला बल्ब मिणमिणला, पंखा अडखळला, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. यूपीएस होता, पण तो प्रिंटरवाल्या मशीनला लावलेला. हिमांशुचं कार्ड अर्धी जुनी आणि अर्धी नवी फाईल पोटात घेऊन मरून पडलं.

हिमांशुच्या हातात दोन लग्नांची कामं होती. रेणूने स्वतःच्या मशीनमधलं कार्ड काढून त्याला दिलं, मेलेलं स्वतःकडे ठेवलं. काम निभलं, पण हिमांशुची जीभ थांबली नाही. चहाच्या टपरीवर, मंडपात, जिथे बसेल तिथे तो सांगायचा की तिच्याकडे कार्ड नेऊ नका, मारून टाकते. आठ दिवसांत रेणूची कार्डमारी झाली. लोक प्रिंटर घेऊन यायचे, आधार कार्डाची प्रिंट काढायला यायचे आणि वर हसून विचारायचे, हे कार्ड तर नाही ना मारणार? ज्या कामासाठी तिने गाळा घेतला होता, ते काम घेऊन एकही माणूस पायरी चढेना.

अशाच एका संध्याकाळी उमराव दुकानात आले. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पोरीने रडत रडत सगळं सांगितलं, ते त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सांडवा कुठी होता तुहा? आन दहाले थ्री फेज येते, हे गावातल्या शेंबड्या पोराले मालूम हाये. तुले काऊन नाही?"

रेणूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागही आला, आणि राग यासाठी की म्हातारा अक्षरशः बरोबर बोलत होता. जुनी फाईल हाच तर सांडवा! तोच न कोरता ती पाळ बांधायला निघाली होती. कोहळ्याच्या पोरीने करावी अशी ही चूक नव्हती. तिने ते मेलेलं कार्ड टेबलासमोरच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगलं. आई कुंदाबाईने विचारलं, लिंबू-मिरची मिळाली नाही का? रेणूने खिळ्यावर आणखी एक घाव घातला. एक दिवस हे कार्ड जिवंत करायचं आणि तेच कार्ड पळवून दाखवायचं, एवढं तिने मनाशी पक्कं केलं.

मनाशी ठरवणं सोपं असतं हो. त्या कार्डाला चालेल अशी फाईलच मिळेना. एकाच नावाच्या कार्डात मेमरी वेगवेगळ्या कंपन्यांची असते, आणि एकीची फाईल दुसरीला चालत नाही. इंटरनेटवरच्या अकरा फाईली तिने तपासल्या, एकही जुळली नाही. अशी अडीच वर्षं गेली.

मग एक दिवस देवरीचे भूपेंद्र मास्तर धुळीने भरलेला कॉम्प्युटर घेऊन आले. कार्डमारी हे नाव त्यांच्या कानावर गेलेलं नव्हतं, हे रेणूचं नशीब. झाकण उघडलं तर आत तेच कार्ड, आणि मेमरीही त्याच कंपनीची! तिने मास्तरांना सरळ सांगितलं की तुमच्या कार्डात काही बदलणार नाही, फक्त आतली फाईल वाचून घेऊ का? मास्तर म्हणाले, वाचल्याने झिजत नसेल तर वाच. तिने फाईल दोनदा वाचली, दोन्ही प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या, तंतोतंत जुळल्यावर तीन ठिकाणी ठेवल्या. मास्तरांचा कॉम्प्युटर लखलखीत करून दिला.

भिंतीवरचं कार्ड खाली आलं. आठ पायांच्या चिपवरचा नंबर तिने भिंगातून वाचला, तिला किती व्होल्ट चालतात ते शोधलं, मग चिपमध्ये बाहेरून थेट लिहिणाऱ्या चिमट्याच्या प्रोग्रामरने चिप पकडून फाईल आत लिहिली. यूपीएस या वेळी याच मशीनला होता, आणि घड्याळात साडेअकरा, म्हणजे थ्री फेज येऊन बसलेली. कार्ड लावलं, बटण दाबलं, पंखा फिरला. पडदा उजळला तशी रेणू दुकानाच्या मधोमध उभी राहून एकटीच टाळ्या वाजवत होती. झेरॉक्सवाला डोकावून गेला.

पुढचे तीन महिने तिने त्या कार्डाचा वेग एकेक पायरीने चढवला. दरवेळी आधीची फाईल बाजूला, मग नवी आत. प्रत्येक पायरीवर तासभर पळवून ताप बघायचा. चटका लागेल इतकं तापलं तर एक पायरी खाली.

गोंदियाच्या एका कॉलेजात जुन्या कार्डांची ओव्हरक्लॉकिंग स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा रेणूने पहिल्याच दिवशी नाव दिलं. मशीन कॉलेजचं, कार्ड आपलं. सव्वाअकरा ते सव्वाबारा असा एक तास. वेगाच्या चाचणीत कंपनीच्या मूळ गुणांपेक्षा जो जास्तीत जास्त टक्के वर नेईल तो जिंकला. हॉलमध्ये शिरली आणि पाय जागीच थबकले. व्हिडिओ काढायचं काम हिमांशुला मिळालं होतं. त्याने तिला पाहिलं, कॅमेरा खांद्यावर घेतला आणि शेजारच्याला काहीतरी सांगून हसला. काय सांगितलं ते ऐकायला जवळ जायची गरज नव्हती. आज कार्ड मेलं तर अख्ख्या जिल्ह्यात कार्डमारी होणार, आणि तेही व्हिडिओसकट.

शेजारच्या टेबलावर गोंदियाचा अश्विन होता, हुशार आणि तितकाच उतावळा. रेणूने त्याला आधी जुनी फाईल काढून ठेवायला लावली. तो कंटाळला, पण मागे लागून तिने त्याला ती पेनड्राईव्हवर उतरवायला भाग पाडलंच. मग ती कॉलेजचे वायरमन झाडूभाऊ यांच्याकडे गेली आणि विचारलं, आज लाइन कधी जाते? दोन-चार पोरं फिसकन हसली. झाडूभाऊंनी सांगितलं की रस्त्यावर तारांचं काम चालू आहे, बाराला लाइन जाईल, मग ते जनरेटर टाकतील. हे आयोजकांपैकी एकालाही माहीत नव्हतं. यूपीएस कोपऱ्यात होता, पण बॅटरी कधीच मेलेली.

पावणेबाराला फळ्यावर अश्विन अकरा टक्के, रेणू नऊ. वरची फाईल तिच्याकडे तयार होती, फक्त आत लिहायची. रेणूने घड्याळ पाहिलं, कीबोर्ड पुढे ढकलला आणि हाताची घडी घालून बसली.

तिला माहीत होतं, फ्लॅशला एक मिनिट पुरतं. पण बारा म्हणजे कोणाच्या घड्याळातले बारा? पाणी सांगून येत नाही, असं बाप म्हणायचा. हॉलभर बोटं टपटपत होती आणि ती बसून होती. हिमांशुने कॅमेरा तिच्यावर रोखला. तिचे कान तापले, पण ती हलली नाही. अश्विनने चौदा टक्क्यांची फाईल उघडली. रेणूने त्याला थांब म्हटलं, लाइन जाणार आहे.

"दीदी, जनरेटर है ना," म्हणून त्याने बटण दाबलं.

बाराला तीन मिनिटं कमी असताना लाइन गेली. झाडूभाऊंचं घड्याळ पुढे होतं. हॉल अंधारला, मग जनरेटर धडधडला, सगळी मशीनं परत सुरू झाली. अश्विनचा पडदा काळाच राहिला. पोरगं पांढरंफटक पडलं.

रेणू अजून पाच मिनिटं बसली. जनरेटर स्थिर झाला, बल्ब एकसारखा जळायला लागला, तेव्हा तिने फाईल आत लिहिली. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. एक, दोन, तीन, चार सेकंद काळोख. पाचव्या सेकंदाला पडदा उजळला. चाचणी संपायला सात मिनिटं लागली आणि फळ्यावर आकडा आला: तेरा.

टाळ्यांनी हॉल दणाणला. अश्विनचे आधीचे अकरा नोंदलेले होते, म्हणजे कोणाच्या पडण्यावर ती उभी राहिली नव्हती, निव्वळ दोन टक्क्यांनी जिंकली होती. पण बक्षिसाची ढाल घ्यायला ती आधी गेलीच नाही. तिने पिशवीतून चिमटा काढला, अश्विनची पेनड्राईव्ह मागितली आणि सगळ्यांसमोर त्याची जुनी फाईल परत आत लिहिली. कार्ड उठून बसलं. अश्विन खाली वाकून तिच्या पाया पडायला लागला, तिने त्याला दंडाला धरून उभं केलं.

परीक्षक बाईंनी माईकवर विचारलं की हाताची घडी घालून इतका वेळ का बसलात? रेणूने माईक हातात घेतला. नागपुरात शिकलेली सगळी शुद्ध मराठी त्या क्षणी कुठे पळाली कोण जाणे.

"माहा बाप पाणकर हाये," ती म्हणाली. "थो म्हणते, आदी सांडवा, मंग पार. मी एकदा ऐकलो नाही, त कार्ड मेला. हाच कार्ड होता थो."

तिने कार्ड मशीनमधून काढून उंच धरलं. पाठीवर पांढऱ्या रंगात 'हिमांशु स्टुडिओ', त्यातला 'शु' तिरपा. हिमांशुने कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला. त्या दिवसाच्या व्हिडिओत तिथून पुढे मिनिटभर नुसती फरशी दिसते.

घरी ढाल पाहून उमरावांनी ती उलटसुलट फिरवली आणि ठेवून दिली. मग गमछ्याने डोळे पुसले आणि धूर झाला म्हणाले. चूल विझून दोन तास झाले होते.

आठवड्याने सकाळीच हिमांशु दुकानाची पायरी चढला. हातात दुपट्ट्यात गुंडाळलेलं कार्ड, तिनेच तीन वर्षांपूर्वी दिलेलं. टेबलासमोरचा रिकामा खिळा त्याने बघितला, खाली मान घालून बसला. माफी मागणं त्याच्या जिभेला जमत नव्हतं, ते दिसत होतं.

"पळव यालेई," तो म्हणाला. "पण आदी याचा सांडवा काढून ठेव."

रेणूला हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदम. तिने कार्ड घेतलं, यूपीएसचा दिवा पाहिला, मग घड्याळ. दहाला दहा कमी होते.

"बस," ती म्हणाली. "थ्री फेज येऊन जाऊ दे."